काढून ठेवलेलं पान

२७ जुलै २०२५, रविवार

रीना,

आज प्लांटला सुट्टी होती. सकाळी धानाच्या बांधीवर जाऊन पाणी पाहून आलो. धान लावायचा रोवणा परवा संपला, या वेळी बाया वेळेवर मिळाल्या. घरी येऊन जेवलो, थोडा पडलो. निर्मला आमच्या टीनाला घेऊन वरठीच्या बाजारात गेली आहे, म्हणून लिहायला बसलो.

तू माझा फोन उचलत नाहीस. निर्मलाच्या फोनवरून लावतो म्हटलं तर तुझी वहिनी देत नाही. म्हणते, तुमचं भावाबहिणीचं तुम्ही पाहा. राजनांदगावचा पत्ता तुझ्या वास्तूच्या पत्रिकेवरून घेतला आहे. घर बदललं असेल तर हे पत्र परत येईल.

आपल्या राजकुमारला जाऊन दीड महिना झाला. त्याला उचललं तेव्हा तू अंगणात उभी होतीस. आम्ही घाटावरून परत आलो तोवर तू स्टेशनला निघून गेली होतीस. पाणीही घेतलं नाहीस, असं निर्मला म्हणाली. तेरवीला आली नाहीस. मी तुला दोष देत नाही.

शेवटचे दिवस तुला कोणी सांगितले नसतील, म्हणून लिहितो. जूनच्या पहिल्या आठवड्यात पोट फुगलं, उलट्या थांबेनात. आतल्या गाठीने लहान आतडं आवळून धरलं होतं, ते एका ठिकाणी फुटलं. नागपूरला आठ दिवस आयसीयूत होता. पाचव्या दिवसापर्यंत बोलत होता. नाकात नळी होती तरी नर्सबाईला म्हणाला, "सिस्टर, हा दादा चार दिवसापासून जेवला नाही, मले लावता ते सलाईन याले लावा." ती हसली. मी बाहेर जाऊन वडापाव खाऊन आलो, कारण त्याने पाठवलं होतं.

या आजाराचं मी कधी नीट समजून घेतलं नव्हतं. तू सांगायचीस आणि मी हो हो म्हणायचो. आता क्रमाने लिहून पाहतो.

मायला काय झालं ते आपल्याला कळलंच नाही. पोटाचा रोग म्हणून २००९ मध्ये ती गेली, चव्वेचाळीस वर्षांची. राजकुमारच्या शौचातून रक्त जायला लागलं तेव्हा तू आलीस आणि त्याला नागपूरला नेलंस. मोठ्या आतड्यात शेकडो बारीक गाठी निघाल्या. तिथल्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हे आईकडून आलेलं आहे, रक्तात आहे, भावंडांनीही तपासून घ्या. त्याचं मोठं आतडं काढलं, म्हणून कॅन्सर टळला. तू तुझी तपासणी केलीस, तुझ्यात निघालं नाही. मी म्हणालो, रोवणा झाला की करतो. तेव्हापासून हा पाचवा रोवणा.

त्यानंतर २०२३ च्या पावसाळ्यात जुन्या टाक्यांच्या बाजूला, पोटावर, ती गाठ आली. मॅडमनी सांगितलं की हा कॅन्सर नाही, शरीरभर पसरत नाही, पण गाठ आहे तिथे मुळं धरून वाढते. कापली तर पुन्हा येते, कधी आधीपेक्षा जोरात, कधी पोटाच्या आत. म्हणून हात लावायचा नाही. गोळ्या घ्यायच्या, दर तीन महिन्यांनी एमआरआय करायचा, काहींची ती आपोआप थांबते. तू त्यांना म्हणालीस, हे मराठीत लिहून द्या, आमच्या घरचे वाचतील. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: "गाठीचे ऑपरेशन करू नये. कुठेही दाखवण्याआधी आम्हाला विचारावे." त्याखाली तू लाल पेनाने रेघ ओढलीस.

मागच्या वर्षी तू मला फोनवर विचारलं होतंस की ज्या डॉक्टरने तरीही गाठीचं ऑपरेशन केलं त्याने तो कागद पाहिला होता का. मी हो म्हणालो होतो. त्याबद्दल मला लिहायचं आहे. आज नाही.

माझी तब्येत ठीक. मूळव्याधीचा त्रास अधूनमधून होतो, त्यावर चूर्ण घेतो.

गोपीचंद


२४ ऑगस्ट २०२५

रीना,

परवा पोळा झाला. आपल्याकडे आता बैल नाहीत, पण निर्मलाने पुरण केलं. भय्याजी येऊन बसले होते. अजून दंडारीच्या नाचगाण्यात ढोलकी तेच वाजवतात, बोटं वाकडी झाली तरी. म्हणाले, यंदा मंडईच्या जत्रेत बाईचं सोंग कोणाला द्यावं कळत नाही.

मागचं पत्र परत आलं नाही, म्हणजे पत्ता बरोबर असावा.

मला तुला त्या मंडईची गोष्ट सांगायची आहे. २०२३ ची, दिवाळीनंतरची. तू त्या वर्षी आली नव्हतीस. राजकुमारचं तुला माहीत आहे, अकरा वर्षं तो दंडारीत बाई व्हायचा. मायचं हिरवं लुगडं नेसून उभा राहिला की म्हातारी माणसंसुद्धा म्हणायची, मायच उभी हाय. त्या वर्षी गाठ मुठीएवढी झाली होती. लुगड्याची गाठ तिच्यावर बसेना. निर्मलाने निऱ्या एका बाजूला सरकवून, वरून पदर घेऊन कसंतरी झाकलं. पण नाचताना पदर हलायचाच.

दुपारची वेळ. मैदान भरलेलं, बाजूच्या चार गावचे पाहुणे. राजकुमार घागर घेऊन आला, आणि मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, राजकुमारीले कितवा महिना हाय?"

सगळं मैदान हसलं. राजकुमार थांबला. घागर खाली ठेवली, पोटावर हात ठेवला आणि गाण्यातल्या बाईच्या आवाजात म्हणाला, "महिना कायले विचारता पाटील, बाप कोण ते विचारा. पहिल्याच रांगेत बसला हाय." पहिल्या रांगेत सरपंच आणि पोलीस पाटील बसले होते. लोक हसून हसून खाली वाकले. भय्याजींची ढोलकी चुकली. त्यानंतर अर्धा तास लोकांनी त्याला सोडलं नाही.

सगळे हसले, रीना. तो स्वतःही हसला. मी हसलो नाही.

दुसऱ्या दिवशी प्लांटमध्ये कैलाशने विचारलं, "बारसं कधी हाय, गोपीचंद?" आठवडाभर तेच चाललं. कैलाश वाईट माणूस नाही. राजकुमार आयसीयूत असताना रक्त द्यायला आला. पण त्या आठवड्यात मला त्याच्याकडे पाहावत नव्हतं.

मी राजकुमारला म्हणालो की आपण दुसरीकडे दाखवू. तो अंगणात दाढी करत होता. म्हणाला, "दादा, मॅडम म्हणते हात नको लावू. राहू दे ना. माह्या पोटात हाय, तुह्या नाही." मी म्हणालो, लोक हसतात. तो म्हणाला, "हसवायलेच तर जातो मी तिथं."

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. तुला आठवत असेल, माय गेली तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता आणि बाबा त्याआधीच गेले होते. मी बोललो नाही की तो जेवायचा नाही, लहानपणापासून. हे मला माहीत होतं. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, चल, कुठं दाखवायचं ते दाखव.

आपण सगळ्यांना सांगितलं की त्याला मंडईत नीट उभं राहायचं होतं म्हणून त्याने ऑपरेशन करून घेतलं. आपण म्हणजे मी सांगितलं.

टीना हाक मारते आहे. थांबतो.

गोपीचंद


५ ऑक्टोबर २०२५

रीना,

कागद मी काढला.

हे आधी लिहून टाकलं, नाही तर हे पत्रही मागच्या दोन पत्रांसारखं झालं असतं.

जानेवारी २०२४, संक्रांतीच्या आधीचा सोमवार. नागपूरची फाइल माझ्याकडेच असायची. सकाळी निघण्याआधी मी तिच्यातून तुझ्या लाल रेघेचं पान काढलं, रक्ताचा रिपोर्ट काढला, एमआरआय काढला. फक्त सोनोग्राफीचा एक कागद ठेवला. काढलेलं सगळं मायच्या पेटीत लुगड्याखाली ठेवलं. मला भीती होती की ते पान पाहिलं तर कोणीच कापणार नाही.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांनी विचारलं, आधीचे कागद कुठे आहेत. मी म्हणालो, पुरात खराब झाले. पोटावरची जुनी खूण पाहून त्यांनी विचारलं, हे कशाचं. मी म्हणालो, आतड्यात एक गाठ होती, ती काढली. ते म्हणाले, टाक्यांच्या जागी कधी कधी अशी गाठ होते, काढून टाकू. राजकुमार माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्याने त्या पातळ फाइलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

दहा दिवसांनी गाठीचा तपासणी रिपोर्ट आला, तेव्हा त्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी विचारलं, तुमच्या घरात हा आजार आहे, तुम्हाला माहीत होतं का. मी नाही म्हणालो. त्यांनी नागपूरला लगेच जा म्हणून चिठ्ठी दिली. ती मी खिशात ठेवली आणि राजकुमारला सांगितलं, सगळं चांगलं आहे, आता नागपूरला जायची गरज नाही. त्याचं पोट सपाट झालं होतं. सहा महिने मी त्याच्याकडे पाहून खूश होतो, हे खरं सांगतो.

पुढचं तुला माहीत आहे. ऑगस्टमध्ये त्याच जागी पुन्हा आली, आधीच्या दुप्पट, आणि दुसरी आत आतड्याजवळ. तेव्हा मॅडमकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. राजकुमारने स्पीकर लावला. तू विचारलंस, हे ऑपरेशन कोणी ठरवलं. मी समोर बसलो होतो. तोंड उघडलं नाही. राजकुमार म्हणाला, "मीच म्हणलो होतो, ताई. दादा नाहीच म्हणत होता."

तू म्हणालीस, "तुले सांगून सांगून थकली मी. आता मले फोन नको करू."

त्याने फोन खाली ठेवला आणि मला म्हणाला, "चार दिवसात येते तिचा फोन." दहा महिने तू केला नाहीस. त्यानेही केला नाही, तू नको म्हणाली होतीस म्हणून. मॅडमनी दिलेल्या गोळ्यांनी त्याच्या तळहाताची आणि तळपायाची साल निघायची. निर्मला मलम लावून पायमोजे घालून द्यायची. दर आठवड्याला इंजेक्शनासाठी मी त्याला पहाटेच्या गाडीने न्यायचो. गाडीत आम्ही समोरासमोर बसायचो. तो एकदाही म्हणाला नाही की दादा, ताईला खरं सांग. म्हणाला असता तर मी सांगितलं असतं, असं मी स्वतःला सांगत आलो. आता तेही खरं वाटत नाही.

तू ज्याच्यावर रागावलीस त्याने काही केलं नव्हतं. आणि कागद पाहूनही कापलं म्हणून त्या डॉक्टरांवर तू जी तक्रार केली आहेस, त्यात त्यांची चूक नाही. तक्रारीला हे पत्र जोड. माझी सही खाली आहे. बोलावलं तर मी येऊन सांगेन.

आता दुसरी गोष्ट. मागच्या महिन्यात टीनाचं पोट तीन दिवस दुखत होतं. साधं अपचन होतं, बरं झालं. पण निर्मलाने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "इले तर नाही ना ते?" मी माझीच तपासणी केलेली नव्हती. टीना चौदाची आहे. माझ्यात असेल तर तिच्यात असण्याची शक्यता निम्मी. मूळव्याध म्हणून जे चूर्ण घेतो ते रक्त जातं म्हणून घेतो, आणि रक्त दोन वर्षांपासून जातं. हे निर्मलालाही त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मी नागपूरला जाऊन रक्त तपासायला देऊन आलो. मॅडमना विचारलं की कापलं नसतं तर तो राहिला असता का. म्हणाल्या, न कापताही काहींना आत गाठ होते. राजकुमारला झाली असती की नाही, हे कोणीच सांगू शकणार नाही. मग म्हणाल्या, "पण आम्हाला विचारायला हवं होतं."

मी वाट पाहत होतो की त्या पुढे काही बोलतील. त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गोपीचंद


९ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपार

रीना,

आज आपली मंडई आहे. सकाळी कापून ठेवलेल्या धानाच्या कडपा पाहून आलो, चुरणा करून दाणे काढणं पुढच्या आठवड्यात. निर्मला आणि टीना जेवून मैदानावर गेल्या. मला आज जेवायचं नाही, सकाळपासून फक्त पाणी आणि भाताची पेज.

रक्ताचा रिपोर्ट आला. माझ्यात आहे. उद्या अकरा वाजता भंडाऱ्यात दुर्बिणीने आतडं पाहणार आहेत. मॅडमच्या ओळखीचे डॉक्टर महिन्यातून एकदा तिथे येतात, त्यांनीच नंबर लावून दिला. काय निघेल ते उद्या कळेल. मोठं आतडं काढावं लागेलच, असं मॅडमनी आधीच सांगितलं आहे. त्यानंतर पोटावर गाठ आली तर काय करायचं आणि काय करायचं नाही, हे या वेळी मी स्वतः लिहून घेतलं. टीनाचं रक्त डिसेंबरात देऊ. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "काकाले होतं तेच ना?" मी हो म्हणालो. मग तिने विचारलं की परीक्षेच्या आधी होईल का नंतर.

माझं मागचं पत्र पोचल्याचा संदेश पोस्टातून आला होता. त्यानंतर तीन आठवडे काही नाही. मग गुरुवारी तू निर्मलाला फोन केलास. ती स्वयंपाकघरात होती, मी बाहेर खाटेवर. तू काय म्हणालीस ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं. टीनाचं वय विचारलंस. माझी तारीख विचारलीस. तक्रार मागे घेतली म्हणालीस. आणि शेवटी, "दादाले म्हणा वहिनी, या खेपेले फाईल पुरी नेजो." माझ्याशी बोलायचं का, असं निर्मलाने विचारलं, तर तू नाही म्हणालीस. बरोबर आहे. मी दुसरं काही मागत नाही. तू मला अजून दादा म्हणतेस, तेवढं मी ऐकलं.

काल भय्याजी मायचं लुगडं मागायला आले होते. यंदा लाखनीकडचा एक जण बाई होणार आहे, भय्याजींच्या साडूचा जावई. मी पेटी उघडली. लुगडं त्यांना दिलं आणि खालचे कागद बाहेर काढले. भय्याजींनी लुगडं छातीशी धरलं. म्हणाले, "त्याच्यासारखं नेसणं याले नाही जमत गा." मग गेले.

तुझ्या लाल रेघेचं पान फाइलीत सगळ्यात वर लावलं आहे. घडीवर थोडं फाटलं होतं, टीनाने चिकटपट्टी लावून दिली. त्याखाली राजकुमारचा रिपोर्ट, त्याखाली माझा. त्या दुसऱ्या डॉक्टरांची चिठ्ठीही लावली, जी मी खिशात ठेवली होती.

पोट साफ करायची पावडर दोन लिटर पाण्यात घालून, दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास, चार वाजल्यापासून. चव खारट लिंबासारखी आहे, घशाखाली जात नाही. राजकुमारने हे किती वेळा प्यायलं असेल ते मी कधी मोजलं नाही. तो नाक धरून प्यायचा आणि म्हणायचा, सरबत हाय, सरबत हाय. तेव्हा मी खोलीबाहेर जायचो.

मैदानावरून ढोलकी ऐकू येते आहे. भय्याजींचीच आहे, मधेच थोडी मागे पडते. लोक हसतात तेही इथपर्यंत येतं. कशावर हसले ते कळत नाही.

तीन ग्लास झाले. भांड्यात अजून पाच असतील. घड्याळात पावणेपाच झाले, चौथा भरून घेतो.

दादा